तीन वेढे

फुलचूरच्या आमच्या भागात झाडं कापायला दरवर्षी एकच माणूस येतो. माणसांशी फारसं बोलत नाही, फांद्यांशी मात्र बोलतो. यंदा आंब्याची वाळलेली फांदी आमच्या कौलांवर झुकली होती. खालच्या खोलीत आई झोपलेली, बाहेर यायला तयार नाही. त्याने वर चढून फांदीला दोर बांधला, जाड खोडाला त्याचे तीन वेढे दिले आणि टोक पायाखाली दाबून करवत चालवली. फांदी सुटली तसे मी डोळेच मिटले. वरून त्याचा आवाज आला, "घाई काऊन करून राहिली वं? आस्ते उतर." वेढ्यांवरून दोर हळूहळू सरकत गेला आणि एकही कौल न हलवता फांदी अंगणात टेकली. मी आत धावलो. आई करवादली, "काऊन रे, त्यानं अजून कापणं सुरू नाही केलं?"