पाद्र्याच्या नावाचा माणूस

पोर्टकॅली हे गाव मासेमारांचं, आणि निम्मं गाव मेअर आडनावाचं. तिथे जुनी रीत आहे: नवा पाद्री आला, की तो ज्या पोराचा पहिला बाप्तिस्मा करेल, त्याला पाद्र्याचं आडनाव हेच नाव म्हणून ठेवायचं. पोर नशीबवान निघतं म्हणे. तसं निघालेलं कुणी पाहिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

हॉल्डेन आडनावाचे पाद्री आले तेव्हा गल्लीत दोघी बाळंत झाल्या होत्या. इसोबेल मेअर, आठ दिवसांची ओली बाळंतीण, गारांच्या पावसात पोर शालीत गुंडाळून धावली आणि शेजारच्या क्रिसीच्या आधी चर्च गाठलं. क्रिसीच्या मुलीला मग साधं बेला नाव मिळालं. इसोबेलने दहा महिने मनसोक्त मिरवलं.

अकराव्या महिन्यात हॉल्डेन पाद्री सकाळच्या पहिल्या बसने ॲबरडीनला पळाले. सोबत चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची बायको.

पाद्री गेले, नाव राहिलं. त्या तान्ह्या पोराने कुणाचं काय घोडं मारलं होतं? पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार. हॉल्डेन मेअर हसला तर 'लक्षणं दिसायला लागली', गप्प बसला तर 'आतल्या गाठीचा, त्याच्यासारखाच'. जाळी विणून पोट भरणारा हा माणूस. त्याने एक रविवार चुकवला नाही, व्हिस्कीला शिवला नाही, ऑर्गनच्या बाजूच्या बाकावर बसला नाही आणि सकाळच्या पहिल्या बसमध्ये कधी पाय ठेवला नाही. बायकोचं ऑपरेशन होतं, तेव्हासुद्धा दुपारच्या बसने गेला. आता बायको वारूनही सहा वर्षं झाली. एवढं सोवळं पाळूनही गावात कुणी त्याला नावाने हाक मारत नसे. चारचौघांत ते नाव घेणं बरं दिसत नाही. बेला तर सत्तरीतही त्याला 'इसोबेलचा पोरगा' म्हणायची.

त्याची एकच इच्छा उरली होती: आपलं नाव नातवाला मिळावं. दुसऱ्या मुलाला आईच्या वडिलांचं नाव द्यायची तिथली पद्धत. मुलगी एल्स्पेथला दुसरा मुलगा झाला, आणि नेमक्या त्याच महिन्यात गावात नव्या पाद्रीणबाई आल्या, ग्लासगोच्या, आडनाव प्रिंगल. पहिला बाप्तिस्मा एल्स्पेथच्याच बाळाचा.

"प्रिंगलच ठेव बाई," बेला दारातूनच म्हणाली. "सुटलीस."

"या बाई कुणाबरोबर जातील, तुला काय माहीत?" म्हातारा जाळीतून मान वर न करता म्हणाला.

बेला गेल्यावर तो मुलीला म्हणाला, "पोरी, माझंही नको ठेवूस. मी सोसलं तेवढं पुरे." म्हणाला खरा, पण त्यानंतर एकच गाठ त्याला चारदा सोडून बांधावी लागली.

रविवारी पाद्रीणबाईंनी बाळाचं नाव विचारलं.

"हॉल्डेन," एल्स्पेथ म्हणाली.

चर्चमध्ये खोकल्याची साथच आली.

"अगं, किती घरंदाज नाव!" पाद्रीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे बडे लोक हल्ली मुलांना अशी आडनावंच ठेवतात."

खोकला थांबला. बाहेर पडेपर्यंत अर्ध्या गावाला आठवलं, की हे नाव आपल्याला पहिल्यापासूनच आवडायचं. बेलाची नात पोटुशी होती. बेलाने जाहीर करून टाकलं, "आम्हीही हॉल्डेनच ठेवणार. नाव काय कुणाच्या बापाचं आहे का?"

लोक म्हाताऱ्याचा हात हातात घेत होते आणि तो आतून धुमसत होता. सत्तर वर्षं घासून जो डाग निघाला नाही, तो ग्लासगोच्या बाईने एका वाक्यात पुसला. मग आपण एवढं सरळ वागून मिळवलं काय? ऑर्गनजवळच्या बाकावर हिवाळ्यात ऊब असते, हेही त्याला त्याच दिवशी कळलं.

सोमवारी सकाळी दाढी करून, रविवारचा कोट घालून तो पहिल्या बसच्या थांब्यावर उभा राहिला. बेला दूध घेऊन येत होती.

"काय रे हॉल्डेन, कुठे निघालास?" जन्मात पहिल्यांदा तिने त्याला नावाने हाक मारली.

"ॲबरडीनला."

"एकटाच?"

बस आली. त्याने पायरीवर पाय ठेवला.

"सध्या तरी," तो म्हणाला.