तीस नंबरचं तेल आणि वैद्यांचा हात

वैद्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी एक छोटासा भूकंप ढकलत त्यांच्या दुकानात नेत होतो. गवत कापायचं माझं मशीन एकदा बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला आढेवेढे घ्यायचं, म्हणून घरापासून दुकानापर्यंत मी ते चालूच ठेवलं होतं. वाटेत दोन दारांवरच्या पाट्या वाकड्या झाल्या, एका आजोबांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि झाडावरच्या कावळ्यांनी सहकुटुंब स्थलांतर केलं. पोहोचलो तेव्हा मशीनपेक्षा मीच जास्त हलत होतो.

"न-न-नमस्कार," मी म्हणालो.

वैद्यांनी मशीन बंद केलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आणि हे कुठून बंद होतं?"

'वैद्य' हे त्यांचं आडनाव नव्हे. छोटी इंजिनं दुरुस्त करणारा तो चोपन्न वर्षांचा, बुटका, कानावर केस असलेला माणूस. पण चालू मशीनच्या दांड्यावर उजवा तळहात ठेवून, डोळे मिटून ते असे उभे राहायचे, की समोरचं मशीन आता जीभ बाहेर काढून दाखवेल असं वाटावं. पात्याचा तोल गेलाय, इंजिनाचा बोल्ट ढिला आहे की शाफ्ट वाकलाय, हे त्यांना तळहातावर कळायचं. म्हणून सगळे वैद्य म्हणायचे.

हात ठेवण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असे. "तेल कुठलं?"

त्या पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं होतं. स्कूटरमधून काढलेलं काळं तेल फुकट जाऊ नये म्हणून मी मशीनला पाजलं होतं. दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. वैद्य हसले नाहीत. त्यांनी ते तेल काढलं, बेताच्या जाडीचं तीस नंबरचं भरलं आणि मला समजावलं, "मास्तर, इंजिनात लोखंडाची दोन माणसं एका खोलीत राहतात. तेल म्हणजे मधे बसलेली समजूतदार आत्या. आत्या फार पातळ असली तर ही दोघं डोकी आपटून घेतात. फार जाड असली तर कोणाला हलूच देत नाही. थरथर सुरू होते ती घरात, आपल्याला कळते दांड्यावर."

"म्हणजे सगळी थरथर तेलामुळेच?"

"छे. निम्म्याहून जास्त पात्यामुळे. पण आत्याची चौकशी आधी करायची."

गंमत म्हणजे तेल मोजायची पट्टी ते स्वतः कधीच ओढून बघत नसत. गिऱ्हाईक सांगेल ते तेल खरं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो ते स्वतःच्या खाण्याबद्दल. मशीनसाठी कोण खोटं बोलेल?"

ते मशीन मग असं चालायला लागलं की मांजरानं त्यावर झोपावं. मी तेलाच्या बाबतीत इतका सुधारलो की वैद्य येणाऱ्याजाणाऱ्याला माझा दाखला द्यायचे. "या मास्तरांकडे बघा. काळं तेल घालणारा माणूस होता. आता तीस नंबरशिवाय बोलत नाही." व्यसनमुक्ती झालेल्या माणसासारखा मी मान खाली घालून उभा राहायचो आणि आतून फुलायचो.

आणि मग एका उन्हाळ्यात माझा मेहुणा यायचा होता. त्याच्या अंगणातलं गवत हजामत केल्यासारखं असतं आणि तो ते बोलून दाखवतो. मी जुनं तेल काढून टाकलं, नवं ओतायला घेतलं तर बाटली अर्धीच. दुकान बंद होतं. घरात तेल म्हणावं असं एकच होतं, बायकोच्या शिवणयंत्राचं. पाण्यासारखं पातळ. मी उरलेली जागा त्यानं भरली.

"माझं तेल कुठे गेलं?" बायकोनं विचारलं.

"उडालं असेल."

"तेल उडत नाही. उडाणटप्पू माणसं उडवतात."

इंजिन तापलं तशी आतून बारीक टकटक आणि दांड्यावर थरथर सुरू झाली. हाताला मुंग्या आल्या. मेहुणा येऊन, गवताला नावं ठेवून गेला. मी मशीन वैद्यांकडे नेलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"तेलाचं या माणसाला विचारायलाच नको," वैद्य त्यांना म्हणाले, पण रीत म्हणून विचारलंच. "तेल कुठलं?"

एका शब्दाचं काम होतं. पण समोर चार माणसं, आणि मी त्यांचा आदर्श. "तुमचंच," मी म्हणालो. "तीस नंबर."

मग तो भला माणूस तीन दिवस त्या मशीनच्या मागे लागला. पातं खिळ्यावर टांगून तोल बघितला. बोल्ट आवळले. दांड्याचे रबर बदलले. शाफ्ट तपासला. सगळं ठीक, आणि तळहात म्हणतोय की थरथर आहे. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते घामाघूम झाले होते. त्यांनी माझा हात दांड्यावर ठेवला.

"तुम्हीच सांगा मास्तर. अजून थरथरतंय ना?"

थरथरत होतं. मला त्या माणसाकडे बघवेना. प्रकरण एकदाचं मिटावं, त्यांची सुटका व्हावी, असं वाटून मी म्हणालो, "नाही हो. आता छान झालंय."

वैद्यांनी पुन्हा तळहात ठेवला. मग उचलला. तो उलटा-सुलटा करून बघितला. मग शेजारच्या भिंतीवर ठेवला, आणि बराच वेळ तिथेच ठेवून उभे राहिले.

महिन्याभरात वहिनी, म्हणजे त्यांची बायको, बाजारात भेटल्या. "ह्यांना काय झालंय कळत नाही," म्हणाल्या. "कप दोन हातांनी धरतात. दाढी न्हाव्याकडे करतात. सासऱ्यांचे हात पंचावन्नाव्या वर्षी थरथरायला लागले, आणि त्यांना पाना सोडावा लागला. हे आता दिवस मोजतायत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, माझा हात मला कळत नाही का."

मी भाजीची पिशवी तिथेच विसरून घरी आलो. त्या दिवशी मी मशीनमधलं तेल थेंबन् थेंब काढलं आणि ताजं तीस नंबर भरलं. बेत सोपा होता. मशीन न्यायचं, वैद्यांनी हात ठेवायचा, थरथर गेलेली बघून त्यांचा जीव भांड्यात पडायचा. साप मरेल आणि काठीही, म्हणजे माझी अब्रूही, शाबूत राहील.

वैद्यांनी डोळे मिटून तळहात ठेवला. मशीन लोण्यासारखं चाललं होतं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मागच्या वेळी निदान काहीतरी कळत तरी होतं," ते म्हणाले. "आज मशीन बिघडलं म्हणून दुकानात आलंय, आणि मला काहीच कळत नाही. हात गेला, मास्तर."

तेव्हा मात्र मी सगळं ओकून टाकलं. मेहुणा, अर्धी बाटली, शिवणयंत्र, चार गिऱ्हाइकं, "आता छान झालंय", सगळं. वैद्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात एखाद्या पाटासारखा स्थिर होता. मी तसं सांगितलंही.

"मास्तर, तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय. पण शिवणयंत्राचं तेल? निदान पटेल असं तरी काही सांगायचं."

"माझ्या बायकोला विचारा."

"वहिनींनाही पढवून ठेवलं असेल तुम्ही."

मी बायकोला खरोखरच घेऊन गेलो. ती रिकामी बाटली घेऊन आली होती. वैद्यांनी तिला पाणी दिलं, बाटलीचं कौतुक केलं आणि म्हणाले, "नशीबवान आहात मास्तर. अशी साथ देणारी बायको." परत येताना ती मला फक्त एवढंच म्हणाली, "आयुष्यभर थापा मारल्यास आणि सगळ्या पचल्या. एकदा खरं बोललास, तर ते बाधलं."

वैद्यांनी पुढच्या महिन्यात दुकान बंद केलं. वर्षभरानं वहिनींनी त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही हात तपासले आणि काहीही झालेलं नाही म्हणून सांगितलं, पण तोवर हत्यारं विकून झाली होती. आता ते गावातल्या मोठ्या बागेच्या फाटकावर तिकिटं फाडतात. तिकीट बरोबर ठिपक्यांच्या रेषेवर फाटतं.