गणपतीच्या जागेवरचा ओळंबा

माझ्या माहेरचा गणपती दीड दिवसाचा आणि सासरचा गौरीबरोबर जाणारा. ज्यांनी कुणी हे ठरवलं, त्यांच्या डोक्यात माझ्यासारख्या बायकांचा विचार नक्कीच नव्हता. लग्न होऊन मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून रोह्याला आले आणि माहेरच्या गणपतीला मुकले. इकडे मोदक वळून, पाहुण्यांची पानं उचलून हात मोकळे होईपर्यंत तिकडे विसर्जन झालेलं असायचं. अंतर म्हणाल तर नागोठणं गेलं, कासू गेलं की आलंच पेण. पण त्या दीड दिवसात ते मला कधी कापता आलं नाही. आणि गंमत अशी, की त्या गणपतीची जागा मीच बांधलेली आहे. कागदावर आखली, उंची ठरवली, वीट बसताना शेजारी उभी राहिले. तिथे बसलेला गणपती मात्र मी एकदाही पाहिला नाही.

आमचं गाव खाडीच्या बांधाआड. वडील पावसाळ्यात भात लावायचे, उन्हाळ्यात मिठागरावर जायचे. घर बुटकं, कौलारू. पुढे ओटी, आत माजघर, वर सामान टाकायचा माळा. ओटीच्या उजव्या कोपऱ्यात गणपती बसायचा, आजोबांच्याही आधीपासून तिथेच. एरवी वर्षभर तो कोपरा रिकामा असे, पण तिथे कोणी चपला काढल्या तर आई जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी शाळेत होते तेव्हा एकदा ऐन गणपतीत बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं. अमावास्येचं उधाण अजून ओसरलं नव्हतं आणि वरून पाऊस कोसळत होता. सकाळची आरती झाली आणि प्रसाद वाटायच्या आत खारं पाणी ओटीवर आलं. वडिलांनी मला आणि धाकट्या भावाला माळ्यावर चढवलं आणि आईला हाक मारली. आई हलेना. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेआधी जागेवरून हलवायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मूर्ती हलणार नव्हती, म्हणून आईही हलणार नव्हती.

चौरंग तरंगू नये म्हणून ती त्याला कवटाळून कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. मी माळ्यावरून ओरडत होते, "आये, वर ये गो! वर ये!"

तिनं मान वर केली. "द्येवाला एकट्याला टाकून येव व्हय?"

शाडूची मूर्ती खालून विरत गेली. आधी मांडी गेली, मग पोट, मग सगळंच. पाणी आईच्या छातीला लागलं तेव्हा कवटाळायला काही उरलं नव्हतं. मग वडिलांनी तिला ओढून वर आणलं. तिच्या दोन्ही हातांना शाडू लागला होता आणि ती तो धुवायला तयार नव्हती. "उत्तरपूजा नाय, आरती नाय, तसाच गेला माजा बाप्पा," असं म्हणत ती रडत राहिली. वडील भिजलेल्या बंडीनं तिच्या शेजारी बसून होते. मला देवाचं फारसं वाटलं नाही, खरं सांगते. मला एवढंच दिसत होतं की पुन्हा असं पाणी आलं तर ही बाई पुन्हा तशीच उभी राहणार, आणि तेव्हा कदाचित ओढून वर आणायला कोणी नसेल. ती भीती पुढे कितीतरी वर्षं माझ्याबरोबर राहिली. मुलगी नकाशे काढायला का शिकली असं लोक विचारत, तेव्हा मी चित्रकला बरी होती वगैरे सांगून मोकळी व्हायचे.

शिकून मी पेणलाच एका इंजिनीअरच्या कार्यालयात लागले. शाळा, पंचायतीची कचेरी, समाजमंदिर, लोकांची घरं, असं काय काय आम्ही आखत असू. एका गावाबाहेर आमच्याही आधी कुणीतरी पुरासाठी म्हणून निवारा बांधलेला होता. जोतं उंच, भिंती भक्कम, एकच मोठी खोली. पाणी आलं तेव्हा तिथे चिटपाखरूही गेलं नाही. सासऱ्यांच्या आणि दिरांच्या समोर सुना कुठे आडव्या होणार? चूल कुठे मांडायची? बकऱ्या, कोंबड्या कुठे ठेवायच्या? माणसं आपापल्या घरात पाण्यात बसून राहिली आणि ती भक्कम खोली रिकामी राहिली. लोक अडाणी आहेत असं म्हणून वरच्यांनी हात झटकले. मला त्या लोकांमध्ये चौरंगाला कवटाळलेली आई दिसत होती, त्यामुळे मला काही तसं म्हणता येईना.

तेव्हापासून कोणतंही काम आलं की मी आधी घरच्या बायकांना विचारायचे. देव कुठे बसतो? पाणी आलं तर तुम्ही कशापाशी थांबता? म्हातारी माणसं जिना चढतात का? आमचे साहेब हसायचे. "बाई, तुम्ही नकाशा काढताय की सोयरीक जुळवताय?" पण पुढच्या शाळेच्या गच्चीवर त्यांनी चुलींसाठी आडोसा आणि बायकांसाठी वेगळी खोली मुकाट्यानं घातली. माणूस चांगला होता. हसल्याशिवाय त्यांना काही पटत नसे इतकंच.

वडील गेले, भाऊ कमावता झाला आणि आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. माझं लग्नही त्याच सुमाराला ठरत होतं. जाण्याआधी आईला पाण्याच्या वर बसवायचं, या एका गोष्टीसाठी मी जिद्दीला पेटले. सोपा उपाय डोळ्यांसमोर होता. वर एक खोली काढायची आणि गणपतीही वरच बसवायचा.

आईनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "द्येव काय पावना हाय? यंदा हितं न् पुढल्या साली तितं? त्याची जागा हाय ती."

"मग तो खाली राहू दे. तू वर राहा."

"न् त्याच्या डोक्यावरनं चालत फिरू? बाय, तू शिकलीस का इसारलीस?"

एवढं बोलून ती तांदूळ निवडायला लागली. मी चिडून कागदाचा बोळा केला. तिच्या हट्टीपणाचा मला इतका राग आला होता की दोन्ही वेळचं जेवले नाही. तिनं माझं ताट झाकून ठेवलं. हट्ट माझ्यात कुठून आला याबद्दल आमच्या घरात कधीच वाद नव्हता.

मग मी कागदावर कागद खराब केले. शेवटी सुचलं ते असं. जिना ओटीतूनच चढवायचा आणि अर्ध्यावर, बरोबर उजव्या कोपऱ्यावर, त्याचा रुंद टप्पा करायचा. गणपती त्या टप्प्यावर बसेल. जुन्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती, टप्पा तिच्या बराच वर येत होता. टप्प्याच्या डोक्यावर खोली नाही, थेट कौलं, म्हणजे देवाच्या वर कोणाचं पाऊल नाही. पायऱ्या मुद्दाम रुंद ठेवल्या, आरतीला माणसं बसतील अशा. आणि पाणी आलंच, तर देवापाशी बसूनही सगळी कोरडी राहतील.

आईनं या खेपेला ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पर जागा तीच कशावरनं?"

जुनं घर पाडताना तिनं त्या कोपऱ्यातली फरशी कोणाला उखडू दिली नव्हती. भोवती विटा मांडून जपली होती. मी टप्प्याचा स्लॅब घालताना मधोमध बोट जाईल एवढं भोक ठेवायला सांगितलं. गवंडी माझ्याकडे बघतच राहिला. स्लॅबला मुद्दाम भोक पाडायला सांगणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असावी. टप्पा सुकल्यावर मी आईला खाली त्या फरशीपाशी उभी केली आणि वरून भोकातून ओळंबा सोडला, तोच तो दोरीला बांधलेला पितळी गोळा, भिंत सरळ आहे का ते बघतात तो. गोळा झुलला, हळूहळू थांबला. त्याचं टोक फरशीवर नेमकं जिथे चौरंग असायचा तिथे आलं.

आई वाकून बघत राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसून वर माझ्याकडे बघितलं. "तीच हाय," ती म्हणाली. "जागा तीच हाय. ह्ये भोक बुजवू नकोस."

ओळंबा गवंड्याचा होता. तो तिनं त्याच्याकडून मागून घेतला आणि देवघरात ठेवला. मला हसू आलं होतं तेव्हा. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

त्यानंतरच्या गणपतींबद्दल काय सांगू? सासरी काही कमी नव्हतं. माणसं प्रेमाची, नवरा कंपनीत शिफ्ट करून थकून आला तरी आरतीला झांजा घेऊन पुढे. पण चतुर्थीच्या सकाळी कुठल्याही घरातून आरतीचा आवाज आला की मला वाटायचं, आता आई त्या रुंद पायरीवर बसली असेल. कोणत्या पायरीवर बसते, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी नंतर कधी गेले की टप्पा रिकामा, मखर सोडून ठेवलेलं, कोपऱ्यात एखादी वाळलेली दूर्वा. आई हातवारे करून सांगायची, यंदा मूर्ती अशी होती, डोळे असे होते. मी त्या रिकाम्या टप्प्याकडे बघून मूर्ती जुळवत बसायचे.

मग एका वर्षी चतुर्थीलाच पाणी आलं. रोह्यात कुंडलिका दुथडी, नागोठण्यात अंबा नदी रस्त्यावर, गाड्या बंद. आमच्या घरी पूजा चालली होती आणि मी मोदकाच्या पारीत सारण भरायचंच विसरत होते. सासूबाईंनी माझ्या हातातून पारी काढून घेतली आणि म्हणाल्या, "बस तू जरा." फोन लागत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, आणि त्यात पाणी आईच्या छातीला लागलेलं होतं. इतक्या विटा रचल्या, इतका हट्ट केला, आणि तरी ती खाली उतरून उभी राहिली असेल तर? त्या दिवशीइतकी मी कधीच घाबरले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. "सगली वर हाव ताय. आये बरी हाय."

शेजारची दोन घरंही आमच्या पायऱ्यांवर येऊन बसली होती, बकऱ्यांसकट. पाणी टप्प्याच्या खालीच थांबलं. त्यांनी आरत्या केल्या, भिजलेल्या लाकडांवर कसाबसा भात शिजवला, मोदक पुरवून पुरवून खाल्ले. आई जागची हलली नाही, आणि तिला हलायची गरजही पडली नाही. दीड दिवस झाल्यावर तिनं रीतसर उत्तरपूजा केली, बाप्पाच्या हातावर दही घातलं. मग भावानं मूर्ती उचलली आणि जिना उतरून अंगणातल्या पाण्यातच विसर्जन केलं. "आवंदा दर्याच न्यायला आला," असं आई सगळ्यांना सांगत होती म्हणे. मग फोन तिच्या हातात गेला.

"तू पायजे होतीस गो," ती म्हणाली. "लय पायजे होतीस."

मला हुंदका आवरला नाही. सासरच्या भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत, मी फोन कानाशी धरून रडले.

आई गेली त्याला आता बराच काळ लोटला. ती अंथरुणात गेली, कोरड्या घरात, भावाच्या मांडीवर. माझा नवराही नाही आता. सून मोदक माझ्यापेक्षा चांगले वळते, त्यामुळे मला कोणी अडवून धरलेलं नाही. आता मी सहज माहेरच्या गणपतीला जाऊ शकले असते. पण भावानं पेणमध्ये फ्लॅट घेतला. गावात पाणी वारंवार यायला लागलं, शेतात खार शिरला, त्याची मुलं तिथे राहीनात. त्याला दोष कसा देऊ? गणपतीही त्याच्याबरोबर फ्लॅटमध्ये गेला. गावचं घर बंद असतं. मागे एकदा मी किल्ली मागून गेले होते. टप्प्यावर धूळ होती, खाली फरशीवर कुंकवाचा जुना डाग. मी पायरीवर बसून राहिले. देवासाठी बांधलेल्या जागी देव नाही आणि आई नाही, म्हटल्यावर तो नुसता जिना होता, आणि मला तो फार आवडत होता.

भावाच्या नव्या घरातला पहिला गणपती आला, तेव्हा मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी जायला निघणारच होते. तेवढ्यात त्याचा फोन आला. चौरंग मांडला होता, मखर झालं होतं, पण तो अडल्यासारखा वाटत होता.

"ताय, एक इचारायचं होतं," तो म्हणाला. "आये दर साली मूर्ती बसवायच्या आदी भोकातनं ओळंबा सोडायची. कोनाला हात लावू द्यायची नाय. गोला खाली थांबला का बोलायची, माजी लेक आली, आता बसवा."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"ओळंबा मी हितं आनलाय," भाऊ म्हणाला. "पर ताय, खाली दुसऱ्यांचं घर हाय. आता सोडू कुटं?"

"ठेव तसाच," मी म्हटलं. "मी येतेय."