खुर्चीवरचा टॉवेल

विसरलेला चष्मा न्यायला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच विद्यापीठात गेले. कुलगुरूंच्या खुर्चीवर पांढराशुभ्र टॉवेल पसरलेला होता. कुलगुरू म्हणून रुजू झाले त्या सकाळी मी सगळ्यात आधी तोच काढायला लावला होता. मानवी हक्कांसाठी उभा जन्म भांडलेल्या बाईला त्या साहेबी टॉवेलाला टेकून पोरांची गाऱ्हाणी ऐकणं जमलं नसतं. पुढे वसतिगृहं बदलली, नियम बदलले. टॉवेल मात्र कुणीतरी कपाटात जपून ठेवला होता.

"नव्या साहेबांनी सांगितलं का?" मी शिपाईमामांना विचारलं.

"नाही मॅडम, आम्हीच घातला. बरं दिसतं."

राग येईल म्हणून जरा थांबले. आला नाही. टॉवेलाची एक कड दुमडली होती. हात आपोआप गेला आणि मी ती सारखी केली.