गाडी अलीकडे, मास्तर पलीकडे

एखाद्या गंभीर माणसाने वाहनावर बसावे आणि वाहनाने त्याला भलत्याच ठिकाणी नेऊन टाकावे, ही कथा फार जुनी आहे. कुठे तिच्यात घोडा असतो, कुठे रेडा, कुठे उडता पलंग. वाशीम जिल्ह्यातल्या कथेत डर्ट बाइक आहे. आणि गंभीर माणूस, काय करणार, मी आहे!

तिचे तीन पाठ सध्या प्रचलित आहेत. कामरगावच्या बसथांब्यावरच्या पाठानुसार मी पैज लावून बैलजोड्यांच्या डोक्यावरून उडी घेतली. आसेगावकडे सांगतात की गाडीत कुणाच्या तरी मेलेल्या बैलाचा जीव शिरला होता. तिसरा पाठ माझ्या ताईचा, आणि तो सर्वांत आखूड: "बापूले अक्कल नाई."

पाठचिकित्सेच्या नियमाप्रमाणे आखूड पाठ बहुधा मूळ घटनेच्या जवळचा असतो. हे मीच, लोकसाहित्याचा प्राध्यापक म्हणून, आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले. आता बोलणार काय?

पण चहा आलाच आहे, तर चौथा पाठ माझ्या तोंडून ऐका. लाजायचे तेवढे लाजून झाले आहे.

ताई धनजला दिलेली. भाऊजींकडे नवाब आणि वजीर ही बैलजोडी, आणि ती गावच्या मानाची. तुम्ही शहरातले असाल तर सांगतो: पोळ्याच्या दिवशी गावच्या आखरावर, म्हणजे गुरे जमतात त्या मोकळ्या जागी, आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. सजवलेल्या जोड्या त्याखाली उभ्या राहतात. मानाची जोडी तोरण तोडून पुढे गेली की पोळा फुटला! मग ती जोडी आधी घरोघर ओवाळली जाते. ती ओवाळून होईपर्यंत दुसऱ्या कुणाचा बैल कुणाच्या दारात पाय ठेवत नाही.

तर पोळ्याच्या आधी ताईचा फोन आला. आवाज रडवेला.

"बापू, गोपाल बैलं विकून राह्यला."

गोपाल माझा भाचा. शेती तोच पाहतो.

"का?"

"फटफटी घ्याची म्हंते. चिखलातली. आसेगावचा गिऱ्हाईक पोळ्याले येऊन राह्यला जोडी पाह्याले. तुया भाऊजीनं बी हो म्हटलं. तू ये बाप्पा! तुयं तो आयकते. मामा म्हंतीन गाडी बेकार, त नाई घेत म्हंते."

म्हणजे काम सोपे होते. जायचे, गाड्या पाहायच्या, नाक मुरडायचे आणि पुरणपोळी खाऊन परत यायचे. नवाब-वजीर ताईने वासरे असल्यापासून वाढवलेले. तिच्यासाठी एवढे नाक मी सहज मुरडले असते!

पण गोपालचेही अगदीच चुकत नव्हते. त्याचे शेत नाल्यापलीकडे. पावसाळ्यात काळ्या मातीत साधी मोटारसायकल गेली की चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती अशी गच्च बसते की गाडी ढकलूनसुद्धा हलत नाही. डर्ट बाइकचे मडगार्ड चाकापासून हातभर उंच, टायरला बोटाएवढे दात. शिवाय ट्रॅक्टर भाड्याने मिळतोच, मग बैल कशाला, हा त्याचा युक्तिवाद. मी फोनवरच ठरवले की निष्पक्ष तौलनिक अभ्यास करायचा आणि मग ताईला हवा तोच निष्कर्ष काढायचा. संशोधनात हे अगदीच अपूर्व नाही.

पोळ्याच्या दुपारी आखरावर पोहोचलो, तर एका बाजूला तोरण बांधले जात होते आणि दुसऱ्या बाजूला, जरा चढावर, तीन डर्ट बाइक उभ्या. माहितीदारांची नावे बदलण्याची आमच्या शास्त्रात प्रथा आहे; मी गाड्यांचीही बदलली आहेत. पहिली 'झोर्टा', परदेशी, कारंज्याच्या बंटीची. दुसरी 'टायगरजेट', सुटे भाग मागवून घरी जोडलेली, कामरगावच्या सलीमभाईची. तिसरी 'तुफान', देशी. गोपालला हवी होती ती हीच. शोरूममधून ती त्याने एका दिवसासाठी मागून आणली होती.

मी उपरणे सावरून मुलाखती सुरू केल्या.

"सर, झोर्टा म्हंजे झोर्टा!" बंटी म्हणाला. "वजन पाहा, फुलावानी! टेकडी सरसर चढते."

"आणि बिघडली तर?"

"बिघडतच नाई, सर."

"पण समजा?"

"मंग पुन्याले पाठवा लागते. मागच्या खेपेले पाठवली त संक्रांतीले गेली, अन् परत आली तवा रसवंत्या बंद झाल्या होत्या."

सलीमभाई खळखळून हसले. "अरे मामू, आपली टायगरजेट देखो! बंटीच्या गाडीच्या आरशाच्या भावात पुरी गाडी!"

"माह्या गाडीले आरसाच नाई," बंटी म्हणाला.

"वही तो! खोक्यात आली, घरीच जोडली. एक एक नट आपन कसला."

"सगळे?"

"दोन-चार उरले ना, मामू. कंपनीवाले जास्तीचे देतात, अपनी खुशी से."

तेवढ्यात टायगरजेटची चेन कुणीही हात न लावता गळून पडली. सलीमभाईंनी ती शांतपणे उचलली आणि पुन्हा चढवली.

तुफानची बाजू गोपालने मांडली. वजनाला जरा जड, ताकद झोर्टापेक्षा कमी, पण शेताच्या कामाला भरपूर. पार्ट कारंज्यात मिळतात. आणि पाय जमिनीला टेकतात; झोर्टावर बसलेल्या बंटीचे पाय तर झोक्यावर बसल्यासारखे लोंबत होते! मग तिघांनी बाजूच्या चिखलात गाड्या घातल्या. झोर्टा हरणासारखी निघाली. टायगरजेट जागीच चाक फिरवत सलीमभाईंना आणि प्रेक्षकांना समप्रमाणात माखत राहिली; शेवटी चेन पुन्हा गळाली, तेव्हा सलीमभाईंनी ती सरळ गळ्यात घातली. तुफान मात्र डुलत डुलत, घाई न करता, बरोबर पलीकडे निघाली.

आता मी काय म्हणायला हवे होते? "बेकार!" एक शब्द. ताई समोरच, नवाबच्या शिंगांना बेगड लावत, माझ्याकडे आशेने पाहत होती. पलीकडे आसेगावचा गिऱ्हाईक वजीरच्या पाठीवरून हात फिरवत होता.

पण माझ्यातला अभ्यासक जागा झाला. प्रत्यक्ष न चालवता वाहनाचे मूल्यमापन करणे म्हणजे ओवी न ऐकता तिच्यावर निबंध लिहिणे! मी म्हणालो, "मला बसून पाहावे लागेल."

"मामा, गियरची गाडी चालवली हाये कधी?"

"मी तीस वर्षं दुचाकी चालवतो आहे."

हे खरे होते. फक्त ती दुचाकी बिनगियरची स्कूटर होती, हा तपशील मी गौण मानला.

गोपालने गाडी सुरू करून दिली, पहिला गियर टाकून दिला. "क्लच हळू सोडजा, मामा." मी सोडला. आणि काय सांगू! खड्डा आला, कळलाच नाही. दगड आला, गाडीने तो जणू गिळला. इतक्या वर्षांच्या क्षेत्रकार्यात माझ्या कण्याने ज्या ज्या रस्त्यांना शाप दिले होते ते सगळे एका क्षणात माफ झाले! मी आखराला एक फेरी मारली. मग दुसरी. तिसरीत मला स्वतःचाच आवाज ऐकू आला:

"अहाहा! काय सस्पेन्शन आहे रे गोपाल! घेच तू ही! डोळे मिटून घे!"

सगळ्या गावाने ऐकले. ताईच्या हातातली बेगड खाली पडली.

"प्रोफेसर, उतरा आता," भाऊजी ओरडले. "जोड्या लागून राह्यल्या!"

"एकच फेरी, भाऊजी!"

उतरायला हवे होते. पण तुम्हीच सांगा, पन्नाशी उलटलेल्या माणसाला असा वारा पुन्हा कधी लागणार? मी चढावर गेलो, वळलो, आणि नेमकी तेव्हाच वाजंत्री सुरू झाली. खाली सगळ्या जोड्या तोरणाच्या अलीकडे ओळीने उभ्या, मध्ये नवाब-वजीर, त्यांच्या बाजूला एक रिकामी वाट, आणि त्या वाटेच्या दिशेने उतारावरून मी.

थांबायचे ठरवले आणि डावा दांडा दाबला. स्कूटरला डाव्या हाताला ब्रेक असतो. तीस वर्षांची सवय! तुफानला डाव्या हाताला क्लच होता. गाडी इंजिनापासून मोकळी झाली आणि उताराने तिला आनंदाने पोटाशी घेतले. मी आणखी जोरात दाबला. ती आणखी मोकळी!

"मामा, उजवा! उजवा दाबा!"

तोरण माझ्या नाकासमोर आले तेव्हा मला उजवा सापडला. आणि मी तो पूर्ण श्रद्धेने दाबला.

तुफानचा ब्रेक उत्कृष्ट आहे, हे तौलनिक अभ्यासात नोंदवायलाच हवे. गाडी तोरणाच्या अलीकडे जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. हँडलवरून, दोन्ही हात पसरून, आंब्याची पाने कानशिलाला घासत मी तोरणातून आरपार गेलो आणि पलीकडच्या लोण्यासारख्या चिखलात उजव्या खांद्यावर उतरलो. गळ्यात तोरण.

मग कुणीतरी, सवयीने, आरोळी ठोकली:

"पोळा फुटला हो!"

झाले! वाजंत्र्यांनी एकच गजर केला, जोड्या उधळल्या, पोरे-बाया धावल्या. एकाने तर तिथल्या तिथे झडतीही रचून म्हटली. झडती म्हणजे पोळ्यात एकमेकांना टोमणे मारण्याचे कवन:

"आला शिकेल मामा, पाह्यली फटफटी,
बैल राह्यले हुभे, मामा गेला पुढी!
हर बोला, हर हर महादेव!"

यमक कच्चे होते. पण तेव्हा मी ते सांगण्याच्या स्थितीत नव्हतो.

दरवर्षी तोरण बांधणारे आबाजी, गावातले सर्वांत वडीलधारे गृहस्थ, काठी टेकत आले. "तोरण कोनं तोडलं?"

"तुफाननं!" गोपाल उत्साहाने म्हणाला. मान गाडीला मिळणार, या कल्पनेनेच त्याचे डोळे चमकले होते.

आबाजींनी वाकून गाडीचे पुढचे चाक पाहिले. मग तोरणाचे दोन्ही खांब पाहिले. मग मला पाहिले.

"गाडी अलीकडं हाये," ते म्हणाले. "मास्तर पलीकडं. अन् तोरन मास्तरच्या गळ्यात. आता शास्त्र काय म्हंते? बोला मास्तर, तुमाले मालूम असन."

मालूम होते ना! 'तोरण ज्याच्या गळ्यात त्याचाच मान, मग जोडी कुणाचीही असो,' हा संकेत मीच याच आबाजींकडून ऐकून एका निबंधात सविस्तर मांडला होता, वर त्याची प्रत मोठ्या अभिमानाने त्यांना भेट दिली होती. मला खोटे बोलता आले असते. पण दोनशे माणसांसमोर स्वतःच्याच निबंधाचे खंडन?

"ज्याच्या गळ्यात तोरण, त्याचा मान," मी चिखलातून म्हणालो.

"झालं त मंग!" आबाजींनी काठी आपटली.

आसेगावचा गिऱ्हाईक पुढे आला. चेहरा उतरलेला. "शामराव," तो भाऊजींना म्हणाला, "मले मानाची जोडी पायजे होती. मान त मास्तर घेऊन गेले. साध्या जोडीले इतल्या लांबून कायले येऊ मी?"

"म्हंजे नाई घेत?"

"नाई बा." मग त्याने मला आपादमस्तक न्याहाळले. "मास्तर विकता काय? दात दाखवा जरा."

भाऊजींनी ताबडतोब नकार द्यायला हवा होता. ते क्षणभर विचारात पडले, हे मी विसरलेलो नाही.

गिऱ्हाईक गेला. जोडी राहिली. गोपाल तुफानचे वाकलेले हँडल सरळ करत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, आता बैलं त राह्यलेच. पन खरं सांगा, गाडी कशी वाटली?"

"उत्तम," मी कण्हत म्हणालो. "तुझ्या आईला सांगू नकोस."

"साऱ्या गावानं आयकलं, मामा."

पण मुख्य विधी बाकीच होता. मानाचा ओवाळला जात नाही तोवर गावातल्या एकाही बैलाला पोळी मिळणार नव्हती, आणि बैल भुकेले होते. घराघरांत ताटे तयार. भाऊजींनी नवाबच्या पाठीवरची आरशांची झूल काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. नवाबने माझ्याकडे जे पाहिले त्याचे वर्णन करणारा शब्द मराठीत नाही.

वाजंत्री पुढे, मी मध्ये, नवाब-वजीर माझ्या मागे. दारोदारी बायका माझ्या पायांवर पाणी घालत होत्या, कपाळी कुंकू लावत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. सलीमभाई चेन गळ्यात तशीच ठेवून शेजारून चालत होते. "मामू, हम दोनों को हार मिला!"

शेवटचे दार ताईचे. तिने माझे पाय धुतले. खांदा धरलेला पाहून बैलांच्या खांद्यांना आदल्या दिवशी लावलेले उरलेले हळद-तूप आणले आणि मुकाट्याने चोळले. मग सुपात पुरणपोळी घेऊन समोर उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते. हसण्याने की बैल राहिल्याच्या आनंदाने, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी पोळीसाठी हात पुढे केला.

"हात नाई, बापू," ताई म्हणाली. "बैल काय हातानं खाते?"

मागे नवाब, वजीर आणि सगळे गाव थांबले होते. मी तोंड पुढे केले आणि सुपातली पोळी खाल्ली.