लसूणघासवाल्या मॅडम

झाडाच्या बुडाशी हात घालून मॅडम एका हिसक्यात ते उपटायच्या आणि मागं न बघता बांधाकडं भिरकावायच्या. "जगायचं ते जगेल, बाकीचं उपटा," हे त्यांचं नेहमीचं. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, या बाईचं पिकाशी वैर आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निमगाव सावाजवळ भाड्यानं घेतलेल्या रानात मी कृषी खात्यात संशोधक असलेल्या या मॅडमच्या हाताखाली होतो. लसूणघास या जनावरांच्या चाऱ्याचं चिवट वाण काढायचं चाललं होतं. गावोगावचा घास लावायचा, ऐन उन्हाळ्यात पाणी तोडायचं, मरतुकडं उपटायचं आणि उरलेल्या झाडांना एकत्र फुलू देऊन त्यांचंच बी पुढं पेरायचं.

शेजारच्या शेतकऱ्याचाही म्हशींसाठी घास होता. तो फुलला तर मधमाश्या त्याचे पराग आमच्या झाडांवर आणणार आणि सगळी निवड वाया जाणार. फुलायच्या आत कापा, असं मॅडम त्याला कितीदा सांगून आल्या. तो हो म्हणायचा. एका सकाळी तिकडं जांभळी फुलं दिसली. मॅडम विळा घेऊन सरळ त्याच्या रानात शिरल्या आणि कापत सुटल्या.

तो कोयता घेऊन धावला. मी पोचेपर्यंत वार झाला होता. मॅडमचं डावं मनगट कापून उघडं पडलं होतं, रक्ताची धार घासावर. टॉवेल आवळून मी त्यांना जीपनं आळेफाट्याच्या दवाखान्यात नेलं. टाके पडताच त्या परत निघाल्या. पोलिसांत जायचं नाही, असं मला वाटेत बजावलं.

येऊन बघतो तर रागाच्या भरात त्यानं दोन्ही म्हशी आमच्या रानात सोडलेल्या. ओला घास खाऊन आत वायू कोंडल्यानं त्यांची पोटं ढोलासारखी फुगली होती. एक तडफडून मेली होती. दुसरी आडवी पडून जीभ बाहेर काढत होती आणि तो तिचं डोकं धरून बसला होता.

मॅडमनी माझ्याकडं चाकू मागितला. "घट्ट धर तिला," त्या त्याला म्हणाल्या आणि म्हशीच्या डाव्या कुशीत पातं खुपसून फिरवलं. फेस फसफसत त्यांच्या तोंडावर उडाला. बऱ्याच वेळानं म्हैस उठली.

"मॅडम, मी तुमाला तोडाय आलो व्हतो," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही केलं," त्या म्हणाल्या.

बुडख्यापर्यंत खाल्लेल्या घासाला पुढं कुठं कुठं फुटवे आले. मॅडमनी तेवढीच झाडं राखली. शेजाऱ्यानं त्या खेपेला आपला घास कुणी न सांगता फुलाआधीच कापला.

बी भरलं आणि मॅडमची बदली झाली. आळेफाट्याला मी त्यांना सोडायला गेलो, तर तो आधीच येऊन उभा. त्यांची डावी मूठ आता मिटत नव्हती. त्यानं बियाण्याची पिशवी खांद्यावर घेतली, नाशिकच्या गाडीत चढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उतरला.

गाडी दिसेनाशी झाली तरी तो जागचा हलला नाही.