विक्रोळी ते अंधेरी, एक फाइल

अंधेरीच्या गोदामात कुठला माल किती उरलाय, एवढंच त्या फाइलीत असायचं. ती रोज सकाळी अकरा वाजता तिथल्या कॉम्प्युटरवरून टेलिफोनच्या लाइनीतून आमच्या विक्रोळीच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर यायला हवी होती, आणि ती येत नव्हती. एवढीशी गोष्ट, पण तिनं माझं डोकं असं फिरवलं होतं की घरी आईनं आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी मी खेकसायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांची, कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यात सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं होतं की अंधेरीची लाइन चालू झाली तर मी कायम, नाहीतर सहा महिन्यांनी रामराम. बाबांची गिरणी कधीच बंद पडली होती आणि धाकटा भाऊ शाळेत होता. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्या माझ्या पगारावर चालत होत्या. सहातले साडेचार महिने संपले होते आणि फाइल अंधेरीतच बसून होती.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगू? मला हे सगळं येत होतं. घाटकोपरला संध्याकाळच्या क्लासला जाऊन मी नेटवर्कचे सातही थर शिकले होते. आमचे सर फळ्यावर दहीहंडी काढायचे. सगळ्यात खालचा थर म्हणजे नुसती तार आणि तिच्यातली वीज. त्याच्या खांद्यावर दुसरा, जो शेजारच्या यंत्राशी नीट बोलणं होतंय ना, एवढंच बघतो. त्याच्यावर वाट शोधणारा, असं करत करत वर माणूस वापरतो तो प्रोग्रॅम. प्रत्येकानं आपलं काम करायचं, खालच्यावर विश्वास ठेवायचा, आणि समोरच्या बाजूच्या आपल्याच थराशी ठरलेल्या रीतीनं बोलायचं. कोणी आधी बोलायचं, मिळालं हे कसं कळवायचं, उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबून परत विचारायचं, ही जी रीत, तिला प्रोटोकॉल म्हणतात. बाजारात प्रत्येक कंपनी आपलंच वेगळं काहीतरी विकते, सातही थर फक्त पुस्तकातच सापडतील, हे सरांनीच सांगितलं होतं. पण मला ती रचना इतकी पटली होती की मी ती कागदावर काढून ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली. बिघाड शोधायचा तर खालून सुरुवात करायची आणि एकेक थर निकालात काढायचा. किती सोपं ना? डोंबलाचं सोपं!

सगळ्यात खाली लाइन, म्हणून मी आधी टेलिफोन खात्याकडे लेखी तक्रार केली. त्यांचा एक लाइनमन आला. चाळिशीचा, शांत माणूस, कमरेला तपासणीचा फोन लटकवलेला. आमच्या टोकाला तपासलं, मग अंधेरीला जाऊन तिकडून तपासलं, आणि मला येऊन सांगितलं की लाइन स्वच्छ आहे. मी दुसरी तक्रार केली. तो परत आला. मी तिसरी केली, जरा कडक शब्दांत. तो तिसऱ्यांदा आला, तोही न चिडता. उलट मॉडेम म्हणजे काय, कॉम्प्युटरचे आकडे शिट्टीसारख्या आवाजात बदलून लाइनीवर कसे सोडतात, हे त्यानं माझ्याकडून समजून घेतलं. त्याच्या खात्यात हे असलं कोणी सांगत नाही म्हणाला. जाताना पुन्हा तेच की लाइन ठीक आहे, मॅडम.

मग मॉडेमवाल्या कंपनीचा इंजिनिअर. त्यानं दोन्ही डबे तपासले, दिवे लुकलुकताना दाखवले, डेटा जातोय आणि येतोय, आमच्या बाजूनं ओके, म्हणून सही घेऊन निघून गेला. मग ज्यांनी फाइल पाठवायचा प्रोग्रॅम दिला होता त्यांचा माणूस आला. बसवला तेव्हा आठवडाभर चालत होता ना, मग प्रोग्रॅम ओके, लाइन बघा, म्हणाला. अरे यार, लाइनवाला म्हणतो मशीन बघा, मशीनवाला म्हणतो प्रोग्रॅम बघा, प्रोग्रॅमवाला म्हणतो लाइन बघा! प्रत्येकजण आपापला थर पुसून, हात झटकून मोकळा, आणि मधल्या मधे वाट लागतेय ती माझी. अंधेरीला फोन करावा तर तिथले ऑपरेटर काका गुळमुळीत बोलायचे, आमच्याकडे काय बदल नाय, म्हणायचे. मी स्वतः जाऊन बघते म्हटलं तर आमचे साहेब म्हणाले की आपण कशाला जायचं, गरज त्यांना असेल तर ते येतील. गरज कोणाला होती ते मला माहीत होतं.

शेवटी मी काय केलं, लाइनीवरून येणारं-जाणारं एकूण एक अक्षर कागदावर छापायची सोय केली. एका सकाळी अकरा वाजता प्रिंटर सुरू झाला आणि मी बघतच राहिले. आमचं मशीन विचारत होतं, तयार आहेस का? त्याच क्षणी अंधेरीचं मशीन आम्हाला विचारत होतं, तयार आहेस का? हो असं कोणीच म्हणत नव्हतं. दोघंही तीन सेकंद थांबायची आणि परत एकदमच विचारायची. चार पानं भरून तेवढंच. दोन माणसांनी फोन उचलून नुसतं हॅलो हॅलो करत बसावं, तसं.

खालून दुसरा थर! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि लगेच संतापानं. कारण त्या प्रोग्रॅमची रीत साधी होती. दोघांपैकी एक प्रायमरी, त्यानं विचारायचं. दुसरा सेकंडरी, त्यानं विचारल्यावर उत्तर द्यायचं. आमचं मशीन प्रायमरी आणि अंधेरीचं सेकंडरी, असं पहिल्या दिवशीच बसवून दिलं होतं. आता दोन्हीकडे प्रायमरी झाल्याशिवाय असं होणंच शक्य नव्हतं. आणि हे आपोआप होत नाही, कोणीतरी बसून बदलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घाटकोपरहून बस पकडली आणि साकीनाक्याचं ट्रॅफिक खात अंधेरी गाठली. ऑपरेटर काका आमच्याच मुलखातले निघाले, मालवणकडचे. मी प्रिंटरचा कागद त्यांच्यापुढे पसरला आणि घरच्या बोलीत विचारलं, तेव्हा त्यांनी आधी दाराकडे बघितलं.

"आमच्या सायबांनी बदलूक लावल्यानी, गो बाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पडद्यार वर सेकंडरी लिवन येय. म्हणाले, मी विक्रोळीच्या सायबापेक्षा तीन वर्सांनी सीनियर, माझा हापीस सेकंडरी कित्याक?"

मी तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले. पाच आठवडे! लाइनमनला तीन हेलपाटे, दोन कंपन्यांशी भांडणं, आईवर खेकसणं, आणि कारण काय तर पडद्याच्या वरच्या ओळीतला एक शब्द एका माणसाला झोंबला होता. लग्नात जावयाला दुसऱ्या पंगतीत बसवलं की जे होतं तेच, फक्त मॉडेममधून. काका हात जोडून म्हणाले की हे मी सांगितलं असं कुठे बोलू नकोस, मला रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. त्यांच्यावर तरी काय चिडायचं.

विक्रोळीला परत येऊन मी आमच्या साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा आपण सेकंडरी झालो तर? फाइल तशीही येईल, फक्त त्यांनी विचारायचं आणि आपण उत्तर द्यायचं, बाकी काडीचाही फरक नाही. साहेब चष्म्यावरून माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी त्यांना खुर्ची खाली करायला सांगितली. कारखाना इथे आहे, माल इथे बनतो, गोदामाच्या हाताखाली कारखाना कधी असतो का, म्हणाले. आणि वर हेही की तुझे पंचवीस दिवस राहिलेत, असले प्रश्न विचारत बसू नकोस.

मग मी कोणालाच विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा आमचं मशीन मी सेकंडरी केलं. आणि पडद्याच्या वरच्या ओळीत जो शब्द दिसायचा तो प्रोग्रॅममध्ये शिरून हातानं लिहिला: प्रायमरी. आतून एक, बाहेरून एक. अंधेरीतही प्रायमरी, विक्रोळीतही प्रायमरी, सगळे मोठे, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अंधेरीच्या मशीननं विचारलं, तयार आहेस का? आमच्या मशीननं सांगितलं, हो. आणि फाइल आली, अख्खी, एकही अक्षर न चुकता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि थोडी रडले. आनंद किती आणि वैताग किती, मला आजही सांगता येणार नाही.

दोन आठवडे फाइल रोज आली. मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हेड ऑफिसला रिपोर्ट पाठवायचा होता, इतके दिवस लाइन का बंद होती आणि बिघाड काय निघाला. मला खोटं बोलायची हौस नव्हती. आणि खरं सांगायचं तर हे मी शोधून काढलंय हे कोणाला तरी कळावं असं मला फार वाटत होतं. मी प्रिंटरचा कागद समोर ठेवला, काकांचं नाव वगळून सगळं सांगितलं, आणि आपलं मशीन आता सेकंडरी आहे हेही सांगितलं.

साहेबांनी कागद वाचायला घेतला. हुशार माणूस, पहिल्या पानातच त्यांना कळलं होतं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. तसं काही झालं नाही. अंधेरीला हे माहीत आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. पडद्यावर काय दिसतं? प्रायमरी, सर. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"रिपोर्टमध्ये टेलिफोनच्या लाइनीत दोष होता असं लिही," ते म्हणाले. "तक्रारी तूच केल्या आहेस, तीन. त्या जोड."

"लाइन ठीक होती, सर."

"तू कायम झाल्याचं पत्र टाइप होऊन माझ्याकडे आलंय. रिपोर्ट दे, मी सही करतो."

मी बाहेर आले आणि टाइपरायटरसमोर बसले. त्या वेळी मनात काय काय आलं ते लिहून मी आता स्वतःला शहाणी ठरवणार नाही. मुलुंडचं घर आलं, भावाची फी आली, बाबांचा दुपारी खिडकीत बसलेला चेहरा आला. मी लिहिलं की टेलिफोन लाइनीतील दोष संबंधित कर्मचाऱ्यास तीन भेटींतही सापडला नाही. साहेबांनीच ते वाक्य तसं करून घेतलं, पण बोटं माझी होती आणि खाली सही माझी. रिपोर्टची एक प्रत टेलिफोन खात्याकडे गेली. मला पत्र मिळालं. घरी बाबांनी ते दोनदा वाचलं आणि शेजारच्यांना पेढे वाटायला आईला पाठवलं.

महिन्याभरानं तो लाइनमन आला. कोणी बोलावलं नव्हतं. त्याच्या हातात माझ्या रिपोर्टची प्रत होती, घड्या पडून मऊ झालेली. मला वाटलं भांडायला आलाय, आणि मी तयारच होते, भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, आमच्या साहेबांनी मला मेमो दिला, ते जाऊ दे. पण दोष नेमका काय होता? बावीस वर्षं लाइन बघतोय मी. मला दिसला कसा नाही?"

खरंच शिकायला विचारत होता तो. माझ्या टेबलाच्या काचेखालच्या कागदाकडे बघत होता, की त्यातलं काहीतरी मी बोट ठेवून दाखवीन. केबिनचं दार उघडं होतं आणि आत साहेब होते.

"पाणी शिरलं असेल जॉइंटमध्ये," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. असेल, म्हणाला, गेटबाहेरच्या खांबापाशी जुना जॉइंट आहे खरा, तो मी उघडला नव्हता. आभार मानून तो खाली गेला. मी खिडकीतून बघितलं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून त्यानं तो जॉइंट उघडला, एकेक तार वेगळी करून फडक्यानं पुसायला लागला. जेवणाची सुट्टी झाली, संपली. चार वाजता मी परत बघितलं तेव्हाही तो तिथेच होता आणि पाणी शोधत होता.